मुली आणि पोहणे

जुन्नर-आंबेगावात पाण्याला तोटा नाही. कुकडी प्रकल्पाची चार धरणे जुन्नरात, पाचवे डिंभे आंबेगावात. त्याच्या पाण्याखाली खुद्द जुने आंबेगाव गेले. आमच्याकडचे मुलगे पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पडतात नि पोहू लागतात. मुली त्याच विहिरीचे पाणी डोक्यावरून आणतात. शालेय स्पर्धांचे तक्ते दरवर्षी माझ्याकडे भरावयास येतात. कबड्डी-खोखोला मुलींची नावे पुरून उरतात. पोहण्याचा रकाना कोराच जातो.

लोक काय म्हणतील, हे भय फक्त आपल्याकडचे नव्हे. ऑलिंपिकमध्ये बायकांचे पोहणे आले १९१२ साली, स्टॉकहोमला. शंभर मीटरची शर्यत ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅकने जिंकली. पण ती निघण्यापूर्वीच केवढा गोंधळ! पुरुषांच्या देखत बायकांनी शर्यतीत उतरू नये, असा तिच्या प्रांतातील संघटनेचा नियम होता, आणि ती संघटना स्त्रियांचीच होती! लोकांनी ओरड केली तेव्हा कोठे वाट मोकळी झाली.

आपल्या मुली तेथे पोचल्या १९५२ साली, हेलसिंकीला: मुंबईची डॉली नझीर आणि कलकत्त्याची आरती साहा. आरती अवघी अकरा वर्षांची. हिनेच पुढे १९५९ साली इंग्लिश खाडी पार केली. आशियातील पहिली स्त्री.

हे वर्गात सांगितले, तर एकीने विचारले, "बाई, तिच्या आईनं सोडलं कसं?"

आरतीची आई ती दोन वर्षांची असतानाच वारली होती. घाटावर तिला चुलता नेत असे.