विहीर अभियांत्रिकी (तेल व नैसर्गिक वायू) : पदव्युत्तर शिक्षण

तेल व नैसर्गिक वायू यांसाठी खोल विहिरीचा आराखडा करणे, ती खोदणे, तिच्यात पोलादी नळांचे अस्तर (केसिंग) उतरवून ते सिमेंटने पक्के करणे, उत्पादन चालू असताना तिची दुरुस्ती करणे आणि अखेरीस ती कायमची बंद करणे, या कामांचे शास्त्र म्हणजे विहीर अभियांत्रिकी. तिला पेट्रोलियम अभियांत्रिकीची शाखा मानतात; पण दोघींचे मूळ प्रश्न वेगळे आहेत. खडकात तेल किती आणि त्यातले किती काढता येईल, हा साठ्याचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्याचा प्रश्न. भूगर्भातला दाब निसटू न देता त्या साठ्यापर्यंत पोहोचायचे कसे, हा विहीर अभियंत्याचा. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन, नॉर्वेतील स्टाव्हांगर आणि ऑस्ट्रियातील लेओबेन येथील विद्यापीठांनी या दुसऱ्या प्रश्नाला पदव्युत्तर पातळीवर स्वतंत्र स्थान दिले आहे. ब्रिटनमध्ये असा एमएस्सी अभ्यासक्रम साधारण एका वर्षाचा व 180 क्रेडिटचा असतो आणि त्यातली 60 क्रेडिट प्रबंधाची असतात. भारतात धनबादची आयआयटी (आयएसएम), जैसची राजीव गांधी पेट्रोलियम तंत्रज्ञान संस्था यांसारख्या ठिकाणी विहिरीचा अभ्यास मुख्यतः पेट्रोलियम अभियांत्रिकीच्या छत्राखाली होतो. हे छत्र अपुरे आहे. न दिसणाऱ्या तळाविषयी अप्रत्यक्ष पुराव्यावरून निर्णय घेणे हा या विद्येचा गाभा आहे आणि त्याची शिस्त चार-दोन विषयांच्या पेपरांतून अंगी बाणत नाही.

अडचण कुठे आहे ते आकड्यांवरून कळते. खोदताना विहिरीत ड्रिलिंग मड फिरवतात. हा जड द्रव; रिगवर, म्हणजे खोदकामाच्या यंत्रणेवर, त्याला नुसते मड म्हणतात. त्याच्या वजनाने खडकातल्या द्रवाचा व वायूचा दाब आवरला जातो. पाण्याच्या 1.2 पट घनतेच्या मडचा 3,000 मीटर उंचीचा स्तंभ तळाशी सुमारे 350 बार दाब देतो. घनता 0.1 ने वाढवली की त्यात जवळपास 30 बारची भर पडते. दाब खडकातल्या दाबापेक्षा कमी पडला तर वायू विहिरीत शिरतो. याला किक म्हणतात. दाब खडकाच्या सहनशक्तीपेक्षा जास्त झाला तर खडक फुटतो, मड त्यात वाहून जाते, स्तंभाची उंची घटते आणि पुन्हा किकच येते. या दोन मर्यादांमधला पट्टा काही थरांत फार अरुंद असतो आणि त्या मर्यादा नेमक्या कोठे आहेत हे खोदण्याआधी कोणालाच ठाऊक नसते. भूकंपीय सर्वेक्षण, शेजारच्या विहिरींच्या नोंदी, लीक-ऑफ चाचणी (दाब वाढवत नेऊन खडक कधी फुटू लागतो हे पाहणारी) आणि मडबरोबर वर येणारे खडकाचे तुकडे यांवरून अंदाज बांधावा लागतो. खोल विहिरीत हे तुकडे वर यायला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणजे अभियंत्याच्या हाती येणारी खबर नेहमीच शिळी असते. म्हणून स्थितिगतिशास्त्र, द्रवयांत्रिकी आणि खडकांचे बलशास्त्र यांच्या जोडीला संभाव्यतेचा विचार या अभ्यासक्रमात अनिवार्य ठरतो.

गेल्या दोन दशकांतील दोन मोठ्या अपघातांच्या चौकशांतूनही हेच दिसते. ऑस्ट्रेलियाजवळच्या तिमोर समुद्रातील मोंटारा क्षेत्रात 21 ऑगस्ट 2009 रोजी एका विहिरीतून तेल व वायू उसळले आणि गळती दहा आठवड्यांहून अधिक काळ चालली. त्याचे बीज काही महिने आधी पडले होते. सिमेंटिंगच्या वेळी केसिंगच्या तळाची झडप टिकली नाही आणि परत आलेला द्रव पुन्हा आत ढकलला गेला, त्यामुळे तळाचे सिमेंट कुचकामी झाले. त्या वेळचे आकडे समोर होते. त्यांचा अर्थ लावला गेला नाही. आठ महिन्यांनी, 20 एप्रिल 2010 रोजी, मेक्सिकोच्या आखातातील मकोंडो विहिरीवर डीपवॉटर होरायझन रिगचा स्फोट झाला. 11 कामगार मरण पावले आणि तेल 87 दिवस समुद्रात वाहत राहिले. त्या दिवशी संध्याकाळी ऋण-दाब चाचणी घेतली होती. विहिरीतला दाब मुद्दाम कमी करून तळाचे सिमेंट वायू रोखून धरते का, हे पाहण्यासाठी ती असते. ड्रिल पाइपवर सुमारे 1,400 पीएसआय दाब दिसत होता आणि किल लाइन या बाजूच्या नळीतून मात्र प्रवाह नव्हता. एकाच विहिरीच्या दोन नळ्या दोन वेगळ्या गोष्टी सांगत होत्या. दाब शून्यावर राहायला हवा होता. तो राहिला नाही, म्हणजे सिमेंट गळत होते. पण वरच्या मडचा भार बीओपीच्या (विहिरीच्या तोंडावरच्या आपत्कालीन बंद-यंत्रणेच्या) रबरी कड्यावर पडून हा दाब दिसत असेल, असे एक स्पष्टीकरण पुढे आले, ते मान्य झाले आणि चाचणी यशस्वी ठरवली गेली. भौतिकशास्त्राच्या कसोटीवर ते स्पष्टीकरण टिकत नाही. ज्याने हायड्रोस्टॅटिक दाबाची बेरीज-वजाबाकी स्वतः मांडून पाहिली आहे आणि विसंगत मापन दिसले की काम थांबवण्याची सवय ज्याच्या विचारांत भिनली आहे, तोच अशा वेळी ते नाकारू शकतो. ही सवय शिक्षणानेच लागते.

यावर पहिला आक्षेप खोदकामातल्या जुन्या माणसांचा असतो: हे काम रिगवरच शिकायचे असते, वर्गात नव्हे. त्यात मोठे तथ्य आहे. पंपाच्या आवाजातला फरक, हूकवरचा भार, पाइप अडकण्याआधीची ओढ या गोष्टी पुस्तकात येत नाहीत आणि रिगवर वेळ न घालवलेला पदवीधर अपुराच राहतो. पण अनुभव शिकवतो ते वारंवार घडणाऱ्या गोष्टींतून, तर ब्लोआउट, म्हणजे विहीर ताब्याबाहेर जाऊन उसळणे, बहुतेकांच्या कारकिर्दीत एकदाही घडत नाही. शंभर सुरळीत विहिरी खोदलेल्या माणसाला एकशे एकाव्या विहिरीचा इशारा किरकोळ वाटण्याचा धोका उलट अधिक. जे स्वतः अनुभवता येत नाही, ते दुसऱ्यांच्या चौकशी-अहवालांतून आणि सिम्युलेटरवरूनच शिकावे लागते. आयडब्ल्यूसीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे वेल कंट्रोल (विहीर-नियंत्रण) प्रमाणपत्र त्यासाठी पुरेसे नाही का, असेही विचारले जाते. ते प्रमाणपत्र हवेच, दर दोन वर्षांनी त्याचे नूतनीकरणही हवे. पण त्याचा मुख्य भर किक ओळखून विहीर बंद करण्यावर आणि आत आलेला वायू सुखरूप बाहेर काढण्यावर आहे. केसिंग किती खोलीवर बसवायचे, सिमेंट किती उंचीपर्यंत आणायचे, म्हणजे किक येण्याची वेळच कमी कशी येईल, हा आराखड्याचा विचार पदव्युत्तर अभ्यासाचे क्षेत्र आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मकोंडोवर अडाणी माणसे नव्हती. सिमेंट कंपनीच्या गणिताने केसिंग विहिरीच्या मधोमध ठेवणारे 21 सेंट्रलायझर सुचवले होते. वापरले गेले 6. सिमेंटचा बंध तपासण्यासाठी आलेले पथक स्फोटाच्याच दिवशी सकाळी चाचणी न करता परत पाठवले गेले. काम वेळापत्रकाच्या मागे होते, खर्च वाढत होता. मग दोष ज्ञानाचा की सत्तेचा? उत्तर असे, की दोन्हींचा. म्हणून पदवीच्या जोडीला कायदा लागतो. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-मंचाची दुर्घटना (1988, 167 मृत्यू) विहिरीची नव्हती; पण तिच्यानंतर बदललेल्या ब्रिटिश व्यवस्थेत 1996 च्या नियमांनी प्रत्येक विहिरीचा आराखडा स्वतंत्र व जाणकार व्यक्तीकडून तपासून घेणे बंधनकारक केले. नॉर्वेचे नॉरसॉक डी-010 मानक विहिरीतला प्रवाह रोखणाऱ्या दोन स्वतंत्र अडथळ्यांचा आग्रह धरते. मकोंडोनंतर अमेरिकेने केसिंग व सिमेंटचा आराखडा नोंदणीकृत अभियंत्याने प्रमाणित करावा, असा नियम केला. अशा नियमांना तपासणारी माणसे लागतात. आराखडा करणाऱ्याइतकेच जाणणारी आणि त्याच्या हुकमाबाहेरची माणसे तयार होत नसतील, तर तपासणी सहीपुरती उरते. अभ्यासक्रमात निर्णयशास्त्र, गटात बोलण्याची व हरकत घेण्याची रीत आणि कायदा हे विषय प्रवाहशास्त्राच्या बरोबरीने असावेत, ते यासाठीच.

तेलाचा काळ सरत असताना या विषयात नव्या पदव्या कशाला, हा तिसरा प्रश्न. तेल थांबले तरी विहिरी उरतात. प्रत्येक सोडून दिलेल्या विहिरीत सिमेंटचे टिकाऊ बूच बसवावे लागते आणि उत्तर समुद्रात हेच काम आता मोठे झाले आहे. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात 1996 पासून कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात भरला जातो. तिथेही कस विहिरीच्या सिमेंटचाच लागतो, फरक एवढाच की हा वायू कायमचा खालीच राहायला हवा. भूऔष्णिक ऊर्जेच्या विहिरी याच तंत्राने खोदतात. महाराष्ट्रात कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी सुमारे 3 किलोमीटर खोल प्रायोगिक विवर खोदले गेले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडून ते ग्रॅनाइटी खडकात शिरले. त्यात तेलाचा थेंबही अपेक्षित नव्हता, तरी रिग, मड आणि केसिंग यांचे गणित तेच होते.

भारतासाठी या शिक्षणाची निकड मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर स्पष्ट दिसते. सागर सम्राट रिगने 1974 मध्ये शोधलेले मुंबई हाय आज पाच दशके जुने क्षेत्र आहे आणि तिथल्या कामाचा कल नव्या विहिरींइतकाच जुन्या विहिरी सांभाळण्याकडे आहे. जुनी विहीर निर्धोक असते असे नाही: आसाममधील बाघजान येथे 27 मे 2020 रोजी दुरुस्तीचे काम चालू असताना उत्पादक विहिरीतून वायू उसळला, 9 जूनला तिने पेट घेतला, दोन अग्निशामक कर्मचारी मरण पावले आणि विहीर ताब्यात यायला नोव्हेंबर उजाडला. मागुरी-मोटापुंग पाणथळ आणि भोवतालची गावे होरपळली. पनवेलला ओएनजीसीची उत्पादन तंत्रज्ञान संस्था आहे, गोव्यात बेतुल येथे सुरक्षा-प्रशिक्षणाची संस्था आहे, पुण्यात एमआयटीमध्ये पेट्रोलियम अभियांत्रिकी शिकवली जाते. एवढे सगळे हाताशी असताना इथे विहीर अभियांत्रिकीचा स्वतंत्र एम.टेक. उभा करणे अवघड नाही. त्याचे पहिले सत्र दाब, खडक आणि सिमेंट यांच्या गणिताला द्यावे, दुसरे बाघजान, मोंटारा व मकोंडो यांचे अहवाल ओळ-ओळ वाचण्याला आणि सिम्युलेटरला. तिसऱ्यात विद्यार्थ्याने रिगवर राहावे आणि चौथ्यात मुंबई हायच्या एखाद्या जुन्या विहिरीच्या सिमेंट-बंधाच्या नोंदींवर प्रबंध लिहावा.