एका घावापायी

कारण सांगायचे झाले तर मराठीत शब्दांची वाण नाही. पावसामुळे पीक आले असे आपण म्हणतो आणि पावसामुळे पीक गेले असेही म्हणतो. 'मुळे' हा शब्द निर्विकार आहे. वडिलांच्या पुण्याईने घर उभे राहते. पण तेच घर बुडाले की जिभेवर निराळा शब्द येतो. 'जुगारापायी घर गेले', 'हट्टापायी पोर गमावले'. संतांच्या तोंडी 'पायी' म्हणजे देवाच्या चरणी. प्रपंचात मात्र त्या पायाखाली बहुधा काहीतरी चिरडलेले असते. शाळेत उशिरा येणारा मुलगा 'पावसामुळे' म्हणतो आणि त्याचा बाप 'आळसापायी' म्हणतो. एकच उशीर, पण दोघांचे इतिहास वेगळे.

जपानी भाषेत ही वाटणी आणखी काटेकोर आहे. चांगले फळ मिळाले तर कारणाच्या मागे 'ओकागे दे' असे जोडतात. 'कागे' म्हणजे सावली. देवाची वा थोरामोठ्यांची सावली डोक्यावर होती म्हणून बरे झाले, असा त्याचा भाव. वाईट फळ पदरी आले तर 'सेइ दे'. हा 'सेइ' म्हणजे 'केलेली करणी' अशा अर्थाच्या चिनी वळणाच्या एका जुन्या शब्दाचे झिजलेले रूप असल्याचे कोशकार सांगतात. करणी म्हटली की कर्ता आला, आणि कर्ता आला की त्याच्याकडे रोखलेले बोटही आले.

पण मला वेड लावले ते तिसऱ्या रूपाने. ते रूप 'बाकारि नि'. 'हाकारु' म्हणजे मोजणे, मापणे. त्यापासून 'बाकारि' झाला. आधी त्याचा अर्थ 'इतपत', 'सुमारे' असा होता, पुढे 'एवढेच', 'फक्त' असा झाला. हाच शब्द घडून गेलेल्या क्रियेच्या मागे 'नि' घेऊन उभा राहिला की अर्थ होतो, 'एवढे एकच झाले, आणि त्यापायी...' 'उसो ओ त्सुइता बाकारि नि', म्हणजे एक खोटे बोललो त्यापायी. पुढचे फळ वाईटच हवे. खोटे बोललो त्यापायी मित्र गेला, हे चालेल. खोटे बोललो त्यापायी बढती मिळाली, हे जपानी कानाला खटकेल. 'सेइ' दोष देतो. 'बाकारि नि' मात्र हळहळतो. मापाच्या शब्दातून तो आला हे विसरून चालणार नाही: एका पारड्यात चिमूटभर कारण, दुसऱ्यात डोंगराएवढे नुकसान.

या वाक्यातला 'उसो', म्हणजे खोटे, पाहिला की मला आपल्या गोव्यात आलेला एक जपानी माणूस आठवतो. अंजिरो त्याचे नाव. कागोशिमात त्याच्या हातून खून झाला, म्हणून तो पोर्तुगीज जहाजावरून पळाला. १५४७ च्या डिसेंबरात मलाक्क्यात त्याची फ्रान्सिस झेवियरशी गाठ पडली आणि १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सेंट पॉल कॉलेजात तो शिकला. ख्रिस्ती देवाला जपानीत काय म्हणावे, या प्रश्नावर त्याने 'दाइनिचि' हा शब्द सुचवला. १५४९ च्या ऑगस्टात झेवियर कागोशिमाला उतरला आणि त्याच शब्दाने उपदेश करू लागला. दाइनिचि म्हणजे बौद्धांचा वैरोचन बुद्ध, हे त्याच्या ध्यानी आले तेव्हा १५५१ उजाडले होते. मग त्याने तो शब्द टाकून लॅटिन 'देउस' धरला. तर विरोधी भिक्षूंनी त्याच उच्चारावर कोटी केली: 'दाइ उसो', म्हणजे मोठे थोतांड! एक शब्द बेताच्या शिक्षणाच्या माणसाने सुचवला, त्यापायी दोन वर्षांचा उपदेश दुसऱ्याच देवाच्या नावाने झाला. इथे अंजिरोला दोष द्यावासा मला वाटत नाही, हळहळ मात्र वाटते.

आता एदोच्या किल्ल्यात जाऊ. एदो म्हणजे आजचे तोक्यो. तारीख २१ एप्रिल १७०१. क्योतोहून सम्राटाचे दूत आले होते आणि त्यांच्या सरबराईचे काम आको संस्थानचा अधिपती आसानो नागानोरी याच्याकडे होते. दरबारी रीतिरिवाज सांगणारा वृद्ध मानकरी होता किरा योशिनाका. पाइन वृक्षांच्या चित्रांनी सजलेल्या दालनात आसानोने अचानक लहान तलवार उपसली आणि किराच्या पाठीवर व कपाळावर वार केले. काजिकावा नावाच्या अधिकाऱ्याने त्याला मागून घट्ट धरले. किरा वाचला. किल्ल्यात शस्त्र उपसणे हा मोठा अपराध. शोगुन त्सुनायोशी संतापला आणि त्याच दिवशी आसानोला पोट चिरून मरण पत्करावे लागले. संस्थान जप्त झाले आणि सुमारे तीनशे सेवक आपापल्या बायकापोरांसह उघड्यावर पडले. जलद पालखीचे भोई ही खबर घेऊन आकोकडे धावले, तेव्हा तिथल्या घराघरांत चुली नेहमीसारख्याच पेटल्या असतील.

तलवार का उपसली? खाजगी वैर होते, एवढेच आसानो बोलला. पुढे नाटककारांनी लाच, अपमान, बाईवरची वाईट नजर अशी कारणे हौसेने पुरवली. १७४८ च्या 'कानादेहोन चुशिंगुरा' या बाहुलीनाट्याने तर प्रसंगच चौदाव्या शतकात नेऊन ठेवला, कारण ताज्या घटना रंगभूमीवर आणायला सरकारची बंदी होती.

आजच्या जपानीत मांडायचे तर आकोचे निष्ठावंत म्हणणार, 'किरा नो सेइ दे'. किरा हा त्यांचा कर्ता, आणि त्याला शिक्षा शून्य! भांडणात दोन्ही पक्षांना दंड द्यावा असा जुना रिवाज असताना एकालाच मारले, हा त्यांचा सल होता. दुसरा कोणी सुस्कारा टाकून म्हणेल, 'काताना ओ नुइता बाकारि नि', एक तलवार उपसली त्यापायी. घटना तीच, पण पहिल्या वाक्यातून सूड निघतो, दुसऱ्यातून फक्त सुस्कारा. कारभारी ओइशी प्रथम या दोहोंच्या मध्ये उभा होता असे मला वाटते. आसानोच्या धाकट्या भावाकडून घराणे पुन्हा उभे राहावे म्हणून तो वर्षभर खटपट करीत होता. १७०२ मध्ये ती आशा मावळली, तेव्हाच त्याने 'सेइ' निवडला.

३० जानेवारी १७०३ ची रात्र. भुईवर बर्फ होते. सत्तेचाळीस जण किराच्या वाड्यावर तुटून पडले. म्हातारा कोळशाच्या कोठारात सापडला. त्याचे शिर घेऊन ते सेंगाकुजी देवळात धन्याच्या समाधीपुढे गेले. २० मार्चला त्यातल्या सेहेचाळीस जणांनी हुकुमानुसार पोट चिरून घेतले. त्यांच्या समाध्यांपुढे आजही उदबत्त्या जळतात, आणि त्यांच्या निष्ठेबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते एका पोराबद्दल.

त्याचे नाव किरा योशिचिका. किराचा नातू, आणि दत्तक विधानाने त्याचा वारस. त्या रात्री विशीही न गाठलेला हा मुलगा हल्लेखोरांपुढे उभा राहून लढला, जखमी झाला, पडला. पण मेला नाही. वाडा पडला, आजा मेला, आणि वारस मात्र जिवंत! त्या रात्रीचे त्याचे वर्तन सामुराईला साजेसे नव्हते, असा ठपका सरकारने ठेवला. किरा घराण्याची जहागीर गेली आणि योशिचिकाला दूर डोंगरातल्या सुवा इथे ताकाशिमा किल्ल्यात नजरकैदेत ठेवले. जिवंत राहिला, 'बाकारि नि'.

सुवा हे मोठ्या सरोवराकाठचे गाव. तिथला हिवाळा तेव्हा इतका कडक असे की सरोवर गोठायचे. तिथे त्याने तीन हिवाळे काढले आणि १७०६ साली, भर तारुण्यात, तो वारला. त्याची समाधी सुवातच आहे, सेंगाकुजीपासून फार दूर.