डोक्यातला आवाज

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात कुणाच्या डोक्यात आवाज घुमू लागला, की कित्येक घरची माणसे अजून मांत्रिकाची वाट धरतात. मग करणीचा संशय, आणि एखाद्या निरपराध म्हातारीला मारझोड! २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो अशाच प्रकारांपायी.

सातासमुद्रापलीकडची अशाच एका आवाजाची हकिकत ऐका. १९६१ च्या सुमारास अमेरिकेत एका तंत्रज्ञाने अ‍ॅलन फ्रे यांना सांगितले, की आपल्याला रडार ऐकू येते. फ्रे हसले नाहीत. रडारजवळ स्वतः जाऊन उभे राहिले. आवाज त्यांनाही आला! १९६२ साली त्यांनी त्यावर निबंध छापला.

रडारच्या सूक्ष्मलहरी ठोक्याठोक्याने सुटतात. दर ठोक्यागणिक डोक्यातले पाणी अंशाच्या दहा लाखाव्या हिश्शाइतके तापते, किंचित फुगते, आणि तो धक्का आतल्या कानाला पोचतो. १९७४ साली फॉस्टर व फिंच यांनी हे नुसत्या पाण्यावर पडताळले. ४ अंश सेल्सिअसला पाणी तापूनही फुगत नाही. तिथे आवाजही थांबला.

डोक्यातला प्रत्येक आवाज रडारचा नव्हे. पुष्कळदा तो आजार असतो. त्याला डॉक्टर हवा. पण फ्रे यांची रीत आपण उचलावी : आधी माणसाचे ऐकून घ्यावे, मग कारण शोधावे.