पहिला हक्क दुरुस्तीचा

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून दहिसर चेकनाक्यावर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर तो बंद झाला, पण मीरा-भाईंदरकरांच्या दृष्टीने दहिसरचा नाका म्हणजे घराचा उंबरठाच. त्यामुळे आनंद इकडे जरा जास्त झाला. मुंबईतील उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी हा टोल होता. टोल गेला, गाड्या मोकळ्या झाल्या. रस्ता मात्र तोच राहिला. त्यावरून जाणारी चाके तीच आणि दर जूनमध्ये कोसळणारा पाऊसही तोच. रस्त्याचे पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न मिटला नाही. तो नाक्यावरून उठून दुसरीकडे जाऊन बसला.

साष्टी बेटाला हा प्रश्न नवा नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती आणि लोक होडीने ये-जा करत. कंपनी सरकार खर्च करायला तयार नव्हते. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी एकूण १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४० च्या दशकात माहीमचा कॉजवे उभा राहिला. आवाबाईंची अट एकच होती: या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. आज ज्या भूमीवर वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत माणसांचा समुद्र पसरला आहे, ती भूमी मुंबईच्या पश्चिम अंगाला या दानाने जोडली गेली.

या दातृत्वाला सलाम केल्यावरही इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. बांधण्याचे पैसे आले, टोल नको हेही ठरले. मग लाटांनी भराव खचेल, दगड निसटतील, त्याची भर दरवर्षी कोण घालणार? उत्तर अर्थातच सरकारी तिजोरी, म्हणजे पर्यायाने सगळे करदाते. उत्तर वाईट नाही. पण ते दरवर्षी नव्याने द्यावे लागते, आणि ज्या वर्षी तिजोरीला दुसरे काही अधिक निकडीचे वाटते, त्या वर्षी रस्ता उपाशी राहतो.

आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक होती. वक्फची व्यवस्था तिच्यावरच उभी आहे. पूल, सराई, विहीर, हौद बांधून देणे हा सदका-ए-जारिया, म्हणजे माणूस गेल्यावरही चालू राहणारे पुण्य. पण वास्तू पडली तर पुण्य चालू कसे राहणार? म्हणून वास्तूबरोबर तिला सांभाळणारे उत्पन्नही लावून देत: एखादे शेत, काही दुकाने, एखादा हमाम. उस्मानी साम्राज्यातील कितीतरी पूल आणि सराया अशा उत्पन्नावर शतकानुशतके टिकल्या. हनफी फिक्हने तर याविषयी स्पष्ट नियमच घालून दिला आहे. वक्फच्या उत्पन्नावर पहिला हक्क वास्तूच्या दुरुस्तीचा. दान देणाऱ्याने तसे लिहून ठेवले असो वा नसो, आधी दुरुस्ती, मग लाभार्थींचा वाटा.

हा नियम मी जेव्हा पहिल्यांदा वाचला तेव्हा तो केवळ मशिदी-मदरशांसाठी आहे असे वाटले होते. आज वाटते, हे सार्वजनिक अर्थकारणाचे एक मोठे सूत्र आहे आणि आपण ते विसरलो आहोत. शेरशाह सूरीच्या महामार्गाचे, त्याच्या सरायांचे आणि सावलीच्या झाडांचे कौतुक शाळेच्या पुस्तकात असते. हजरत उमर यांच्याविषयीची ती प्रसिद्ध आठवणही आपण मुलांना सांगतो: दूर इराकमध्ये एखादे जनावर रस्त्यात ठेचाळले तरी, रस्ता सपाट का केला नाही, याचा जाब आपल्याला द्यावा लागेल, अशी त्यांना भीती वाटे. या आठवणीत नवा रस्ता बांधण्याचा उल्लेख नाही. आहे तो सपाट ठेवण्याचा आहे.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात याच सूत्राचे एक वेगळे रूप दिसते. १८६३ च्या सुमारास जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घेण्याची पद्धत सुरू झाली आणि १८६९ च्या कायद्याने ती पक्की केली. हा ‘लोकल फंड’. त्यातला दोन तृतीयांश भाग रस्त्यांसारख्या कामांना आणि एक तृतीयांश शाळांना. शिक्षिका म्हणून मला हा आणा फार जवळचा वाटतो. गावातला रस्ता आणि गावातली शाळा एकाच आण्याच्या पोटातून जन्मली. रस्ता नसेल तर मूल शाळेत पोचत नाही, हे त्या हिशेबाने नकळत मान्य केले होते. व्यवस्था निर्दोष नव्हती. आणा रयतेचा होता आणि खर्चाचा निर्णय बहुतांशी साहेबाचा. १८८४ चा लोकल बोर्डांचा कायदा आल्यावरही रयतेचा आवाज क्षीणच राहिला. तरीही पैसा कशासाठी आहे हे पावतीवरच ठरलेले होते, एवढे मान्य करायला हवे.

पुढे मोटार आली. बैलगाडीच्या मुरमी रस्त्याला मोटारीचे वेगवान चाक सोसेना. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. हे तेच जयकर जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. स्थानिक बोर्डांना हा भार पेलणारा नाही, हे त्यांच्या समितीने ओळखले आणि रस्ता जो झिजवतो त्याच्याकडूनच पैसा घ्यावा असा मार्ग सुचवला. १९२९ च्या मार्चमध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून केंद्रीय रस्ता निधी निर्माण झाला. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली, तीही याच समितीच्या विचारातून.

यानंतर मात्र दिशा बदलली. १९४३ साली नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि देशाची पहिली वीस वर्षांची रस्ते योजना तयार झाली. दर शंभर चौरस मैलांत किती मैल रस्ता हवा, असा तिचा हिशेब होता. पुढे १९६१ ची मुंबई योजना, १९८१ ची लखनौ योजना यांनीही मुख्यतः लांबीचीच उद्दिष्टे ठेवली. रस्ते नसलेल्या देशात ते स्वाभाविक होते. पण लांबी मोजायची सवय लागली आणि रस्त्याचे वय मोजायचे राहून गेले. त्यात पंचवार्षिक योजनांच्या काळात सरकारी खर्चाची ‘योजना’ आणि ‘योजनेतर’ अशी वाटणी झाली. नवा रस्ता योजनेत, त्याची देखभाल योजनेतर खात्यात. काटकसरीची वेळ आली की कात्री आधी योजनेतर खर्चावर चाले. ही वाटणी २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून बंद झाली, पण तिने लावलेली सवय अजून गेलेली नाही. दहाव्या-अकराव्या पंचवार्षिकाच्या काळात तर बाराव्या वित्त आयोगाला केवळ रस्ते-पुलांच्या देखभालीसाठी राज्यांना १५,००० कोटी रुपयांचे स्वतंत्र अनुदान सुचवावे लागले, आणि तेराव्याला १९,९३० कोटींचे. दुखणे किती जुने होते ते यावरून कळते.

हे दुखणे एकट्या भारताचे नाही. साठ-सत्तरच्या दशकांत नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांनी परदेशी कर्जे घेऊन हजारो मैल रस्ते बांधले. बांधायला कर्ज मिळे. झाडायला, गटार साफ करायला, भेग बुजवायला मिळत नसे. डांबरी रस्त्याची प्रकृती मधुमेहासारखी असते. सुरुवातीची काही वर्षे बाहेरून काहीच दिसत नाही. उन्हाने डांबर सुकते, ठिसूळ होते, केसासारखी भेग पडते. भेगेतून पाणी खालच्या खडीच्या थरात शिरते. थर सैल झाला की एका पावसाळ्यात अवजड चाके बाकीचे काम उरकतात. भेगेच्या वेळी जो खर्च किरकोळ असतो, तो पाया गेल्यावर कितीतरी पट होतो. जागतिक बँकेच्या १९९४ च्या विकास अहवालाने आफ्रिकेचा हिशेब मांडला: मागच्या दशकात १२ अब्ज डॉलर वेळेवर देखभालीला खर्चले असते, तर पुनर्बांधणीचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते. म्हणजे गरीब देशांनी न केलेल्या एका रुपयाच्या खर्चासाठी पुढे जवळजवळ चार रुपये मोजले.

या शास्त्राचा पाया श्रीमंत देशांत घातला गेला नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत केनिया, ब्राझील आणि भारत येथील रस्त्यांवर मोजमापे झाली. रस्ता किती खराब झाला की टायर, इंधन आणि वेळ यांचा खर्च किती वाढतो, हे त्यातून कळले. त्यावरून कोणत्या रस्त्यावर कोणत्या वर्षी किती खर्च करावा, हे सांगणारी गणिती पद्धत तयार झाली. नव्वदच्या दशकात घानासारख्या अनेक आफ्रिकी देशांनी इंधनावरील आकारातून देखभालीसाठी स्वतंत्र रस्ता निधी उभारले. जयकर समितीचा विचार सत्तर वर्षांनी दुसऱ्या खंडात पुन्हा उगवला म्हणायचा!

आता आपल्या गावाकडे येऊ. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत येथे १ लाख ७५ हजार माणसे होती, २००१ मध्ये ५ लाख २० हजार आणि २०११ मध्ये ८ लाखांवर. मिठागरे आणि भातशेतीच्या सखल, खाडीकाठच्या जमिनीवर वीस वर्षांत साडेचारपट वस्ती उभी राहिली. अशा जमिनीत पाणी हटायला वेळ लागतो, आणि पाणी हा रस्त्याचा पहिला शत्रू. वस्ती वाढली तशी दर वर्षी नवी जलवाहिनी, नवी केबल, नवी गटारवाहिनी आली आणि प्रत्येकीसाठी रस्ता खणला गेला.

उत्पन्नाची बाजू पाहा. २०१० पासून येथे जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांना तो माफ झाला आणि २०१७ मध्ये जीएसटीत सगळेच मिसळले. आता मालमत्ता कर आणि राज्याची भरपाई यांवर मोठी भिस्त. आपण पेट्रोलपंपावर रस्त्यांसाठीचा उपकर भरतो खरा, पण २००० च्या केंद्रीय रस्ता निधी कायद्याने त्याची वाटणी राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, ग्रामीण रस्ते आणि रेल्वेवरील पूल अशी केली. नया नगरची किंवा नवघरची गल्ली त्या यादीत नाही. २०१८ मध्ये तर निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द जोडून तो इतर कामांनाही खुला झाला. बांधून ठेवलेला पैसाही गाठ सैल झाली की पांगतो. मुतवल्ली गाफील असेल तर वक्फचे काय होते हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

देखभाल टळली की काय होते याची आठवण वरसोव्याच्या पुलाने करून दिली. घोडबंदरजवळ वसईच्या खाडीवरील या जुन्या पुलाच्या तुळईला डिसेंबर २०१३ मध्ये तडा दिसला. अवजड वाहने रोखली गेली, पुढे दुरुस्तीसाठी वाहतूक पुन्हा अडली, आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग वर्षानुवर्षे कोंडीत सापडला. शेजारचा नवा पूल २०२३ साली खुला झाला. एका तुळईने दहा वर्षे किती लोकांचा किती वेळ खाल्ला, त्याचा हिशेब कोणत्याही अर्थसंकल्पात नाही.

न्यायालयानेही हा विषय हाती घेतला. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. २०१८ च्या निकालात सुस्थितीतील रस्ता हा घटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. हे योग्यच आहे. पण भरपाई ही मयतानंतरची गोष्ट. मूल सकाळी दप्तर घेऊन निघते तेव्हा त्याला भरपाई नको असते, पाय ठेवायला जागा हवी असते.

मग करायचे काय? शाळेत आम्ही हजेरीपट ठेवतो. प्रत्येक मुलाचे नाव, वय, हजर-गैरहजर. शहराच्या प्रत्येक गल्लीचा असा पट हवा: लांबी, रुंदी, डांबर किंवा काँक्रीट कोणत्या वर्षी झाले, गटार आहे का, शेवटचे खोदकाम कधी झाले. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये पाहणी व्हावी. फेब्रुवारीच्या अंदाजपत्रकात आधी या पाहणीची रक्कम वेगळी काढावी, मग नव्या कामांचा विचार व्हावा. मेअखेर काम पुरे, आणि पहिले काम गटाराचे, कारण पाणी हटले तर डांबर जगते. काँक्रीट केले की देखभाल संपली हाही गैरसमज. त्याचे सांधे भरावे लागतात आणि खोदल्यावर ते जोडणे अधिक कठीण. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत २००० पासून ठेकेदाराच्या करारातच पाच वर्षांची देखभाल लिहिलेली असते. खेड्याला जे सुचले ते शहराला का सुचू नये?

नव्या रस्त्याची फीत कापता येते, बुजवलेल्या भेगेची कापता येत नाही. म्हणून हे काम नेत्यांवर सोडून चालणार नाही. फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडले जाते तेव्हा आपल्या प्रभागाच्या नावापुढे नव्या कामाचा आकडा शोधण्याआधी दुरुस्तीचा आकडा शोधायला आपण शिकले पाहिजे. रस्त्यातला काटा उचलण्याला आपल्याकडे ईमानाची शाखा म्हटले आहे. त्या काट्यासाठी दरवर्षी पैसा बाजूला काढून ठेवणे आणि त्याचा हिशेब मागणे, हीसुद्धा त्याच शाखेची पाने आहेत. आवाबाईंनी रस्ता दिला. तो टिकवण्याची बाकी अजून आपल्याच नावावर आहे.