नेमबाजीचा पाया

१८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे हिंदी माणसाला गुन्हा ठरले. गोऱ्यांना मात्र मुभा होती. ही मानखंडना सोसलेल्या पिढीतील, सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेल्या एका गृहस्थानेच स्वातंत्र्यानंतर नेमबाजीला क्रीडेची प्रतिष्ठा मिळवून दिली. ते म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. घराणे रत्नागिरीकडचे, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादेतील. १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे ते संस्थापक-अध्यक्ष होत. १९५६ साली ते निवर्तले. त्यांच्या नावाची स्पर्धा पुढे राष्ट्रीय स्पर्धेची पायरी ठरली. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा महाराष्ट्र हर्षभरित झाला. त्या यशाखालचा पहिला दगड महाराष्ट्राबाहेर आयुष्य वेचलेल्या मराठी माणसाने बसविला होता, हे आपण परप्रांतस्थांनी तरी विसरू नये.