मुंबईचा पोलीस शिपाई आणि निवृत्तिवेतनाची अर्हता

‘पेन्शन’ ह्या शब्दास मराठीने ‘निवृत्तिवेतन’ हा प्रतिशब्द दिला, त्यातील ‘वेतन’ हे पद अर्थपूर्ण आहे. निवृत्तिवेतन ही कृपा नसून पूर्वसेवेचे मोल होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नकारा खटल्यात दिला. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांनी अर्हता सेवेच्या कालावधीवर मोजली. नायगावच्या किंवा ना. म. जोशी मार्गावरील बी. डी. डी. चाळींत बिऱ्हाड असलेल्या शिपायाची अर्हताकारी सेवा १० वर्षे भरली तर निवृत्तिवेतन. न भरल्यास केवळ उपदान.

१ नोव्हेंबर २००५ पासून मात्र सेवाप्रवेशाची तारीख निर्णायक ठरली. तदनंतरच्या शिपायास अंशदान योजना लागू झाली. वेतन व महागाई भत्ता ह्यांच्या १० टक्के रक्कम त्याच्याकडून कापली जाऊ लागली. भरतीची जाहिरात आधी निघूनही नेमणूक लांबलेल्यांच्या बाबतीत विलंब शासनाचा आणि हानी शिपायाची, असे झाले. २ फेब्रुवारी २०२४ च्या शासननिर्णयाने अशांना जुन्या नियमांचा विकल्प दिला. निवृत्तीबरोबर सरकारी खोलीही सोडावी लागणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ‘वेतन’ आणि ‘अंशदान’ हा भेद केवळ शब्दांचा नव्हे.