महाराष्ट्रातील कारागृहांमधील पिण्याचे पाणी

महाराष्ट्रातील कारागृहांमधील पिण्याचे पाणी हा बंद्यांच्या आरोग्याशी व मूलभूत हक्कांशी निगडित विषय आहे. नळाला गढूळ पाणी आल्यास बाहेरील नागरिक ते उकळून घेतो, दुसरीकडून आणतो किंवा विकत घेतो. बंद्याला हे पर्याय सहसा उपलब्ध नसतात. त्यामुळे पाणी पुरविण्याची आणि ते निर्धोक ठेवण्याची जबाबदारी शासनावर येते.

कायदेशीर आधार

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार कारागृहे हा राज्यसूचीतील विषय आहे. कारागृह अधिनियम, १८९४ अन्वये कारागृहातील स्वच्छताविषयक व्यवस्था अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली वैद्यकीय अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली होती. सुनील बत्रा खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगवासामुळे मूलभूत हक्क संपुष्टात येत नाहीत असे स्पष्ट केले. सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य (१९९१) या निकालात प्रदूषणमुक्त पाणी हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांतील (२०१५) नियम २२ नुसार बंद्यास गरज भासेल तेव्हा पिण्याचे पाणी मिळाले पाहिजे.

गुणवत्तेचे निकष

भारतीय मानक १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जिवाणू आढळता कामा नयेत. नायट्रेटची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. विद्राव्य क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा ५०० मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास ती २,००० पर्यंत शिथिल होते. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, परंतु नायट्रेट कमी होत नाही. म्हणून जैविक व रासायनिक अशा दोन्ही तपासण्या आवश्यक ठरतात.

परभणी जिल्ह्यातील स्थिती

परभणी येथे जिल्हा कारागृह आहे. पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या ठिकाणी पोलीस ठाणे आहे. अटक केलेल्या व्यक्तीस २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते; मात्र कोठडीतील अल्प वास्तव्यातही शुद्ध पाण्याचा हक्क अबाधित राहतो. हा प्रदेश बेसॉल्ट खडकाचा असून भूजल मुख्यतः खडकातील भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. उन्हाळ्यात पातळी खालावते. रासायनिक खते व सांडपाणी यांमुळे विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्यात नायट्रेट वाढू शकते.

दूषितीकरण व प्रतिबंध

स्रोत शुद्ध असला तरी फुटकी जलवाहिनी, उघडी टाकी किंवा अस्वच्छ भांडे यांमुळे पाणी दूषित होते. खंडित पुरवठ्याच्या काळात वाहिनीतील दाब नाहीसा होऊन गळतीच्या जागेतून सांडपाणी आत शिरते. रात्री बराकी बंद असल्याने पाणी आत साठवावे लागते. गर्दीमुळे हा धोका वाढतो. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत क्षमतेच्या १३१.४ टक्के बंदी होते. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे दोष सिद्ध न झालेले होते.

निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन वापरतात. किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर पाण्यात दर लिटरला ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे. ही चाचणी केवळ टाकीजवळ न करता बराकीतील शेवटच्या नळावर केल्यास प्रत्यक्ष पिण्यात येणाऱ्या पाण्याची स्थिती कळते.

न्यायालयीन दखल

२०२३ मध्ये नवी मुंबईजवळील तळोजा मध्यवर्ती कारागृहातील पाणीटंचाईचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. त्यातून गुणवत्तेबरोबरच पुरेशा प्रमाणाचा मुद्दाही पुढे आला. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या मार्गदर्शनानुसार पिणे, स्वयंपाक व स्वच्छता यांसाठी प्रत्येक बंद्यास दररोज किमान १० ते १५ लिटर पाणी आवश्यक असते.